अर्जाला जोडलेले सात कागद

"एकदा इनवर्ड झालेला कागद वापस भेटत नाई," वानखेडे बाबू म्हणाले.

मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. घड्याळात अकराला पाच कमी होते. बारा वाजता सगळी डाक प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाणार होती आणि त्या डाकेत माझ्या हातानं लिहिलेला एक अर्ज होता. तो तिथं जाऊन चालणार नव्हतं.

"बाबूजी, चुकून दिला गेला," मी म्हणाले.

"चुकून कसा? चांगला सुवाच्य लिहिला. विषय, संदर्भ, जोडपत्रं, सगळं जागच्या जागी. मी मनात म्हटलं, पोरगी काम शिकली."

इनवर्ड म्हणजे आवक नोंद. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद एका रजिस्टरमध्ये लिहितात, त्याला नंबर पडतो, आणि मग तो कागद तुमचा राहत नाही. पंचवीस मिनिटांपूर्वी असा नंबर पडल्याचा मला अभिमान वाटला होता.

मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे समाजकार्य शिकते. आठवड्यातले दोन दिवस आम्हाला कुठंतरी प्रत्यक्ष कामाला पाठवतात, त्याला फील्डवर्क म्हणतात. मला वर्ध्यातल्या एका कॉलेजचा समुपदेशन कक्ष मिळाला होता. मी अजून पूर्ण समुपदेशक नाही, हे आधीच सांगते. त्यामुळे यात काही शहाणपण आढळलं तर ते ढोके मॅडमचं. त्या तिथल्या समुपदेशक. चूक आढळली तर ती माझी.

आमच्या कक्षात निखिल नावाचा मुलगा यायचा. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा. गाव रोहणा, वडिलांचं तिथं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. तो गावच्याच दोन मुलांसोबत पिपरी मेघेला खोली करून राहायचा. हुशार होता, हे मी त्याच्या वह्या पाहून सांगते. पण परीक्षेच्या हॉलमध्ये त्याला पॅनिक अटॅक यायचे.

पॅनिक अटॅक म्हणजे नुसती भीती नाही, हे मलाही त्या कक्षात येईपर्यंत माहीत नव्हतं. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हाताला मुंग्या येतात आणि आपण आता मरणार असं खरंच वाटतं. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत तो उतरतो. पण ती मिनिटं ज्याची त्यालाच माहीत. निखिलची औषधं चालू होती, सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीत तो महिन्यातून एकदा जायचा. तरी हॉलमध्ये पेपर हातात पडला की वीसेक मिनिटांत ते सुरू व्हायचं.

आमच्या केंद्रावर पहिला तासभर कुणालाही बाहेर सोडत नाहीत. हिवाळी परीक्षेत निखिल दोन पेपरांना तो पहिला तास बाक धरून बसला आणि तास संपताच जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका देऊन निघून गेला. रसायनशास्त्र आणि गणित. मित्रांना वाटलं, अभ्यास केला नसेल. घरी त्यानं सांगितलं, पेपर हार्ड होता.

आता उन्हाळी परीक्षा तोंडावर होती. दोन्ही विषय पुन्हा राहिले तर त्याचं वर्ष जाणार होतं. एक राहिला तर पुढच्या वर्गात बसता येणार होतं. वर्ष गेलं तर वडील दुकानात बसवतील, असं तो म्हणायचा. हे तो तक्रार म्हणून सांगायचा नाही. "त्यायचं बी बरोबर आहे ताई, किती दिवस वाट पायतील," असं म्हणायचा.

तर त्याच्यासाठी परीक्षेला काही सोय मागायची, एवढं मॅडमनी मला सांगितलं होतं. "निखिलशी बोलून कच्चा अर्ज तयार कर, मग बघू," असे त्यांचे शब्द होते. मी त्यातलं "अर्ज तयार कर" एवढंच नीट ऐकलं.

यामागं एक कारण आहे. माझं गाव अल्लीपूर. वडील गवंडीकाम करतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे दहावीपासून जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिप, होस्टेल, सगळे अर्ज मीच भरले. सेतू केंद्राच्या रांगेत मी एक गोष्ट पक्की शिकले. कागद कमी पडला की अर्ज परत येतो. जास्त जोडला म्हणून कधी कुणी परत पाठवत नाही. बाबा तर मला पिशवी भरून द्यायचे आणि म्हणायचे, "सगळं नेजो. मागतलं तं असलं पायजे."

त्या सवयीनं मी निखिलचा अर्ज लिहिला. विषय: मानसिक आजार असल्यामुळे परीक्षेस स्वतंत्र खोली मिळणेबाबत. आजाराचं नाव लिहिलं. किती महिन्यांपासून आहे ते लिहिलं. आदल्या आठवड्यात तो घाईत होता तेव्हा "अर्जाला लागेल" म्हणून मी त्याची एका कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवली होती, त्याच कागदावर हे लिहिलं. मग कपाटातून त्याची फाईल काढली, ओपीडीचं कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी झेरॉक्स करून आणली, आणि आणखी होते नव्हते ते कागद जोडले. एकूण सात. सकाळी साडेदहाला ऑफिसात जाऊन इनवर्ड करून आले. ओसी, म्हणजे शिक्का मारलेली आपल्याकडची प्रत, मी मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्या आल्या की खूश होतील असं मला वाटलं.

मॅडमनी ती वाचली. एकदा पूर्ण वाचली, मग जोडपत्रांची यादी पुन्हा वाचली.

"फाईल कपाटाबाहेर गेली?"

"झेरॉक्सपुरती, मॅडम."

"झेरॉक्स कुठं काढली?"

"गेटबाहेर."

त्यांनी यादी खाली ठेवली. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"डाक बारा वाजता प्राचार्यांपुढं जाते," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते प्रत्येक कागदाचा विषय मोठ्यानं वाचतात आणि कोणत्या विभागाला द्यायचा ते लिहितात. त्या वेळी तिथं दोन-चार प्राध्यापक बसलेले असतात. त्यात निखिलचे कोण असतील?"

मॅडमनी ओसी माझ्यापुढे सरकवली.

"या मुलानं आजवर वर्गात कुणाला सांगितलेलं नाही. खोलीवरच्या मुलांनाही नाही. फक्त इथं सांगितलं. जा, आधी तो कागद थांबव."

म्हणून मी वानखेडे बाबूंसमोर उभी होते.

वानखेडे बाबू ऑफिसातले सगळ्यात जुने. आवक नोंद आणि परीक्षेची बैठक व्यवस्था, दोन्ही त्यांच्याकडे. तोंडानं तिखट. मी पुन्हा विनंती केली तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"अर्ज कोनाचा आहे?"

"निखिलचा."

"तू निखिल आहे का?"

"नाही."

"मंग मी तुह्या हाती काऊन देऊ? ज्याची सही त्यानं यावं. 'माझा अर्ज मी परत घेत आहे' असं लिहून द्यावं. तवा भेटते. प्राचार्य आले तरी माह्याकडून तुले भेटणार नाई."

त्या क्षणी मला त्यांचा फार राग आला. नंतर विचार केला तेव्हा कळलं, त्या सकाळी निखिलच्या कागदाची राखण करणारे ते एकटेच होते. मी तर तो गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्यालाही दाखवून आले होते.

मी परत कक्षात आले. मॅडम म्हणाल्या, "फोन कर त्याला."

"मॅडम, तुम्ही सांगाल का? तो तुमचं ऐकतो."

"चूक कुणाची?"

"माझी."

"मग त्याला ती तुझ्याकडून कळू दे. ऑफिसातून कळली तर तो पुन्हा या खोलीत येणार नाही. तुझ्याकडून कळली तर कदाचित येईल."

कदाचित, असंच त्या म्हणाल्या. खोटा धीर त्या कुणालाच द्यायच्या नाहीत, मलाही नाही.

निखिल सायकलनं आला. साडेअकरा वाजून गेले होते. उन्हानं चेहरा लाल झाला होता. त्याला वाटलं, हॉल तिकिटाचं काही काम आहे. मी त्याला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. सही घेतलेल्या कागदाचं, फाईलचं, झेरॉक्सचं, विषयात काय लिहिलं त्याचं. तो ग्लास हातात धरून खाली बघत बसला.

"औषधायची चिठ्ठी बी जोडली?" त्यानं विचारलं.

"हो."

"आणखी काय काय?"

"ओपीडी कार्ड. मार्कशीट. ओळखपत्र."

"आधार कार्ड नाई जोडलं?"

मी म्हणाले, "जोडलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "रहिवासी?"

"तेही."

"सात कागद म्हणता. एक राह्यला."

"टीसीची झेरॉक्स."

तो हसायला लागला. मला रडू येत होतं आणि तो हसत होता. "ताई, तुम्ही मले मेंटल म्हणून सिद्ध करून राह्यले होते का नोकरीले लावून राह्यले होते?"

ढोके मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. पण निखिलचं हसू लगेच ओसरलं. तो म्हणाला, "डाकेत गेला असला तं मी परीक्षेलेच नाई बसत, मॅडम. खरं सांगतो."

बाराला दहा मिनिटं होती. आम्ही ऑफिसात गेलो. टेबलावरचा डाकेचा ट्रे रिकामा होता. शिपाई फोल्डर घेऊन केबिनकडे निघून गेला होता.

वानखेडे बाबूंनी ड्रॉवरची किल्ली फिरवली आणि अर्ज बाहेर काढला.

"डाकेत ठेवला नाही तुम्ही?" मी विचारलं.

"कसा ठेवू? सात जोडपत्रं. तपासाले टाइम लागते का नाई." त्यांनी अर्ज उलटा करून निखिलपुढे ठेवला, लिहिलेली बाजू खाली. "वाच, तुहाच आहे का पाय. इथं लिही, सही कर."

निखिलनं लिहिलं. बाबूंनी रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे लाल शाईनं 'अर्जदाराने परत घेतला' असा शेरा मारला. त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं नाही, काही विचारलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "आता कोऱ्या कागदावर सही कोनाले देजो नको. बापाले बी नाई."

कक्षात परत आल्यावर निखिलनं ते कागद स्वतः फाडले. आधारची झेरॉक्स तेवढी घडी करून खिशात ठेवली. "कामी येते," म्हणाला.

मग मॅडमनी त्याला जे विचारलं ते विचारण्याचं काम खरं तर माझं होतं.

"हॉलमध्ये तुला नेमकं काय हवं?"

"वेगळी खोली नको, मॅडम. वेगळ्या खोलीत बसवलं का सगळे इचारतील, याले काय झालं."

मी मान खाली घातली. स्वतंत्र खोली ही माझी कल्पना होती.

"मग?"

त्याला वेळ लागला. मॅडम थांबल्या. मी असते तर मध्येच दोन पर्याय सुचवले असते. शेवटी तो म्हणाला, "दरवाजा दिसला पायजे. बस्. मी खिडकीच्या लायनीत असतो, दरवाजा पार मागं, पाठीशी. मले वाटते, आता मी अडकलो. आणि ते सुरू झालं का पाच मिनिटं बाहेर उभं राहू द्यावं. मी वापस येईन. पेपर सोडाचा नाई मले."

मॅडमनी पत्र लिहिलं. ते पत्र मी अजूनही मनात ठेवून आहे, कारण ते साडेचार ओळींचं होतं. विद्यार्थी आमच्या कक्षाच्या नियमित संपर्कात आहे. प्रकृतीच्या कारणाने परीक्षेत त्याला दोन सोयी लागतील. एक, दरवाजाजवळची जागा. दोन, गरज पडल्यास पहिल्या तासातही पाच मिनिटे बाहेर थांबून परत येण्याची मुभा, सोबत शिपाई. वैद्यकीय प्रमाणपत्र समक्ष दाखवले. आजाराचं नाव कुठंच नव्हतं. "आजार डॉक्टरांच्या फाईलमध्ये राहतो," मॅडम म्हणाल्या. "आपण गरज लिहायची. समोरच्याला काय करायचं ते कळलं पाहिजे, का करायचं ते नाही." पत्र बंद लिफाफ्यात गेलं, वर 'गोपनीय' लिहिलं, आणि मॅडम ते स्वतः हातात घेऊन निघाल्या. मला सोबत नेलं. या सकाळनंतर त्या मला सोबत नेतील असं वाटलं नव्हतं.

केंद्राधिकारी होते लोखंडे सर. परीक्षा केंद्राची सगळी जबाबदारी त्यांच्यावर असते. त्यांनी पत्र वाचलं, निखिलनं ओपीडीतून आणून दिलेलं प्रमाणपत्र वाचलं आणि ते टेबलावर बाजूला ठेवायला लागले. मॅडमनी हात पुढे केला. "ते परत द्या, सर. दाखवायला आणलं होतं."

सरांनी दिलं. "मॅडम, माझी अडचण समजून घ्या. पहिल्या तासात एकाला सोडलं तर कॉपीचा संशय येतो."

"सोबत तुमचा माणूस राहील. जाताना खिसे तपासा, येताना तपासा. व्हरांड्यात, तुमच्या नजरेसमोर पाच मिनिटं."

"उद्या दहा जण मागतील."

"दहा जणांना गरज असेल तर दहा पत्रं आणीन. मी या कॉलेजात आल्यापासून तुम्हाला अशी किती पत्रं दिली?"

सर आठवत राहिले. "एक. ते पण पाय मोडलेल्या पोराचं होतं."

"त्याला तुम्ही तळमजल्यावर बसवलंत. एक्स-रे पाहिलात, पण हॉलच्या दारावर लावला नाहीत."

सर थोडे हसले. "बाहेर सोडायचं मी करतो. पण जागा? नंबर क्रमानं लागतात. मधलाच एक नंबर उचलून दरवाजापाशी ठेवला तर हॉलमधली सगळी पोरं विचारतील. भरारी पथक आलं तर ते मला विचारतील."

हे बरोबर होतं. आणि निखिलला नेमकं तेच नको होतं.

वानखेडे बाबू बैठक व्यवस्थेचे कागद सहीसाठी घेऊन कोपऱ्यात उभे होते. त्यांनी नाव विचारलं नाही. म्हणाले, "सर, नंबर नाई हलवत. हॉल हलवतो."

"म्हणजे?"

त्यांनी हॉलचा नकाशा टेबलावर पसरला. नेहमी बाकांचे नंबर पुढून, खिडकीच्या रांगेपासून सुरू व्हायचे आणि मागं दरवाजापाशी संपायचे. निखिल त्या हॉलच्या यादीत चौथा. बाबूंनी पेन्सिल घेतली. पहिले तीन नंबर त्यांनी आधीच्या हॉलच्या शेवटी टाकले, तिथं बाक शिल्लक होते. मग या हॉलची सुरुवात दरवाजाजवळच्या शेवटच्या बाकापासून केली. पूर्ण क्रम उलटा. पाठ दरवाजाकडे होऊ नये म्हणून त्यांनी ती रांग जरा तिरपी आखली. "इथून मान हलवली का दार दिसते," ते म्हणाले. "क्रमात क्रम आहे. पथकाले पाहू द्या."

"पोरांनी विचारलं, उलटं का केलं?" सरांनी विचारलं.

"कूलर त्या खिडकीले बसते ना उन्हाळ्यात. त्याची हवा पुढच्या पोरायचे पेपर उडवते. म्हणून मागून सुरू केलं, पुढचे बाक रिकामे राह्यतात. आणि ते खरं बी आहे. दरसाल तक्रार असते."

एका मुलासाठी चाळीस जणांची जागा बदलली आणि त्या चाळीसांत कुणालाच कळणार नव्हतं की कुणासाठी. मी त्या नकाशाकडे बघत राहिले. आमच्या अभ्यासक्रमात 'सहाय्यभूत वातावरण' या विषयावर एक पूर्ण युनिट आहे. मी त्याच्या नोट्स पाठ केल्या होत्या. ते पेन्सिलीनं असं आखता येतं, हे मला माहीत नव्हतं.

पुढचे काही दिवस दुपारी दोन ते तीन आम्ही निखिलकडून सराव करून घेतला. हॉल रिकामा असायचा. त्याच बाकावर तो बसायचा, जुना पेपर सोडवायचा. मी सुपरवायझर व्हायचे आणि रांगांतून फिरायचे, कारण पाठीमागून पावलं आली की त्याचा श्वास अडकायचा. ढोके मॅडम त्याला सांगायच्या, भीती आली तर तिला घालवायला जाऊ नको, पाय जमिनीवर टेकव, श्वास सावकाश सोड, ती तिच्या वेळेनं उतरते.

"ताई, तुमची चप्पल लई वाजते," तो मान न उचलता म्हणायचा.

"खऱ्या सुपरवायझरचे बूट वाजणार आहेत."

"त्यायच्या बुटाले पगार असते. तुमची चप्पल फुकटात घाबरवते."

दोनदा तो सरावातही उठून बाहेर गेला. दोन्ही वेळा परत आला. पण रिकाम्या हॉलमध्ये परत येणं वेगळं, हे त्यालाही माहीत होतं.

रसायनशास्त्राच्या पेपरला सकाळपासून ऊन तापलं होतं. हॉल पहिल्या मजल्यावर, आमचा कक्ष समोरच्या इमारतीत खाली. परीक्षेच्या वेळी आम्हाला तिकडे जायची परवानगी नसते. खिडकीतून वरचा व्हरांडा दिसायचा. मॅडम टेबलावर रिपोर्ट लिहीत होत्या. मी खिडकीत.

पेपर सुरू होऊन चोवीस मिनिटं झाली आणि तो बाहेर आला. सोबत शिपाई होता. निखिलनं दोन्ही हातांनी कठडा धरला. लांबूनही त्याचे खांदे वरखाली होताना दिसत होते. त्याच्या डाव्या हाताला जिना होता, उजव्या हाताला हॉलचा दरवाजा. जिना दहा पावलांवर. कुणी अडवलं नसतं.

"मॅडम, तो बाहेर आला."

"त्यासाठीच परवानगी घेतली होती."

"तीन मिनिटं झाली."

"मोजू नको."

त्यानं जिन्याकडे पाहिलं. मला तेवढं स्पष्ट दिसलं. मग तो बाटलीतून पाणी प्यायला, बाटली त्यानं शिपायाच्या हातात दिली, पायातल्या चपला नीट केल्या आणि उजवीकडे वळला. शिपायानं त्याचे खिसे तपासले. तो आत गेला.

मागून मॅडमचा आवाज आला. "गेला आत?"

मी वळून पाहिलं. त्यांच्या पेनाचं टोपण लावलेलं होतं. रिपोर्टचा कागद कोरा होता.

"गेला," मी म्हणाले.

मी बरीच धीट माणसं पाहिली आहेत. आमच्या गावात विहिरीत उतरून माणूस काढणारे आहेत. पण ज्या खोलीत आपण मरणार असं शरीर सांगतंय, त्या खोलीत स्वतःच्या पायांनी परत जाऊन उरलेले प्रश्न सोडवणारा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गणिताच्या पेपरलाही तो एकदा बाहेर आला आणि परत गेला. त्या वेळी मी मोजलं नाही.

निकाल लागला तेव्हा निखिल कक्षात आला. रसायनशास्त्र निघालं होतं, गणित राहिलं होतं. वर्ष वाचलं होतं.

"गणिताचं वाईट वाटतं का?" मी विचारलं.

"नाई ताई. ते पूर्ण तीन तास बसून राह्यलं. येतच नव्हतं, म्हणून राह्यलं. असं साधं नापास मी पहिल्यांदा झालो." त्यानं मार्कशीटची घडी केली. "बाबाले बी तेच सांगितलं. पेपर हार्ड नव्हता, मले आला नाई. ते म्हणाले, मंग अभ्यास कर. बस्, एवढंच."

अटॅकचं त्यानं घरी तेव्हाही सांगितलं नव्हतं. कधी सांगायचं ते त्याचं तो ठरवेल, आम्ही विचारलं नाही. पुढच्या परीक्षेला बैठक व्यवस्था पुन्हा मागूनच लागली. आता ती तशीच लागते. कूलरची तक्रारही थांबली म्हणतात.

मी फील्डवर्कच्या अहवालात हा प्रसंग लिहिला, नाव-गाव बदलून. माझी चूक पहिल्या पानावर लिहिली. मॅडमनी वाचून त्यावर फक्त सही केली.

आता अर्ज लिहायला बसले की मी समोरच्याला आधी विचारते, तुम्हाला काय हवं. मग विचारते, काय सांगायचं नाही. दुसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ मी पेन खाली ठेवते.

परवा वानखेडे बाबूंकडे एक पत्र इनवर्ड करायला गेले होते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"तुह्या कागदाले आजकाल पिनच लागत नाई," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

मी ते कौतुक म्हणून घेतलं.